पाडायला पैसे मिळाले, छपराला मिळाले नाहीत
प्रतिनिधिगृहाचे सदस्य श्री ठाणेदार यांना खुले पत्र

ट्रॉय, मिशिगन
सप्टेंबर २०२५

माननीय ठाणेदारसाहेब,


वॉशिंग्टनमध्ये सध्या पुढच्या वर्षाच्या खर्चावरून ओढाताण चालू आहे. व्हाइट हाऊसने मे महिन्यात पाठवलेल्या प्रस्तावात ‘कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट’ आणि ‘होम’ या दोन योजनांच्या रकान्यात शून्य लिहिले आहे. पहिलीला आजवर वर्षाला सुमारे ३३० कोटी डॉलर मिळत होते, दुसरीला १२५ कोटी. डेट्रॉइटसारख्या शहरांना पडीक घरे सावरण्यासाठी केंद्राचा जो पैसा मिळतो, तो बहुतेक याच वाटेने येतो. तुम्ही मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघाचे, म्हणजे डेट्रॉइटच्या मोठ्या भागाचे प्रतिनिधी आहात. या योजना वाचाव्यात म्हणून तुम्ही भांडाल, हे मी गृहीत धरतो. माझे मागणे त्याच्या पुढचे आहे. पैसा वाचला, किंवा उद्या नव्याने आला, तर तो कशावर खर्च करायचा हे या वेळी आधी ठरवून घ्या. गेल्या सतरा वर्षांत जप्त आणि बेवारस घरांसाठी इथे सरकारी पैसा कमी आला नाही. पण तो बराचसा घरे पाडण्यात गेला, आणि माणसे घरात असताना, छप्पर गळायला लागले असताना, त्यांच्या हाती फारसे काही पडले नाही.

हे पत्र मराठीत लिहिण्याला कारण आहे. तुमचे ‘ही श्रींची इच्छा’ हे आत्मचरित्र मराठी घरांत वाचले गेले. बेळगावचा मुलगा १९७९ मध्ये अमेरिकेत येतो, ॲक्रन विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवतो, उद्योग उभा करतो, ही कथा आम्ही आमच्या मुलांना सांगितली. २००८ च्या मंदीच्या फेऱ्यात कर्जापायी तुमचे उद्योग तुमच्या हातातून गेले, हेही जाहीर आहे. कर्ज थकले की धनको काय करतो आणि आपण उभारलेली वास्तू परक्याच्या ताब्यात जाताना कसे वाटते, हे तुम्हाला कोणत्याही अहवालातून शिकायचे नाही. दुसरे कारण आम्हीच आहोत. डेट्रॉइट परिसरातला मराठी माणूस परगावी स्वतःला डेट्रॉइटचा म्हणवतो, पण राहतो नोव्हायला, कँटनला, ट्रॉयला. शहराच्या उत्तर सीमेवरच्या एट माइल रोडच्या दक्षिणेला तो सामन्याला जातो, नाटकाला जातो, विमानतळावर जाताना हायवेवरून शहर ओलांडतो. गल्ल्यांत शिरण्याचे काम त्याला पडत नाही. म्हणून तुमच्याबरोबर त्यालाही हे सांगायचे आहे.

१९५० मध्ये डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. २०१० च्या जनगणनेत ती ७,१३,७७७ भरली आणि २०२० मध्ये ६,३९,१११. कारखाने उपनगरांत गेले, मग दक्षिणेच्या राज्यांत गेले. गोरी वस्ती उपनगरांकडे सरकली आणि सरकारी हमीची गृहकर्जे तिच्यामागे गेली. काळ्या वस्त्यांभोवती तर कर्ज देणाऱ्यांनी १९३० च्या दशकापासूनच कर्ज नाकारण्याच्या लाल रेघा मारल्या होत्या. पुढे १९६८ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर याच वस्त्यांत केंद्राच्या हमीची कर्जे अचानक सैल हाताने वाटली गेली. दलालांनी मोडकळीची घरे रंग मारून गरिबांच्या गळ्यात घातली, मूल्यांकन करणाऱ्यांनी फुगवलेल्या किमती लिहिल्या, आणि कर्जे बुडाल्यावर हजारो रिकामी घरे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याच्या नावावर जमा झाली. तेव्हा त्या खात्याचे मंत्री होते मिशिगनचेच माजी गव्हर्नर जॉर्ज रॉमनी. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १९७३ च्या जानेवारीत, सरकारने गृहनिर्माणाच्या अनुदान योजनाच स्थगित केल्या. म्हणजे २००८ मध्ये जे झाले त्याची एक फेरी या शहराने आधीच पाहिली होती.

दुसरी फेरी मोठी होती. ‘द डेट्रॉइट न्यूज’ने २०१५ मध्ये नोंदी तपासून दाखवले की २००५ पासूनच्या दहा वर्षांत शहरातल्या ३,८४,६७२ मिळकतींपैकी १,३९,६९९ जप्त झाल्या. काहींचे गृहकर्ज थकले होते, काहींची घरपट्टी. तीन मिळकतींमागे एकीहून जास्त! घर जप्त झाले की कुटुंब निघते. हिवाळा येतो, भट्टी बंद असते, पाइपातले पाणी गोठून पाइप फुटतात. तांब्याच्या लोभाने कोणीतरी आत शिरतो आणि भिंती फोडून तारा-नळ्या घेऊन जातो. वसंतात छप्पर गळते, पुढच्या वर्षी आग लागते. मग शेजारच्या घराचा विमा महागतो, त्याचा भाव उतरतो, आणि ते घर सोडून जाण्याचा विचार सुरू होतो. पहिल्या वर्षी छपरावर काही हजार डॉलर घातले असते तर जे घर वाचले असते, ते पाचव्या वर्षी पाडायलाही त्याहून जास्त पैसे लागतात.

आता पैशाचा हिशेब.

३० जुलै २००८ रोजी अध्यक्ष बुश यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यात बेवारस आणि जप्त घरांच्या पुनर्विकासासाठी ३९२ कोटी डॉलर होते. हीच ‘नेबरहुड स्टॅबिलायझेशन’ योजना. ओबामांच्या काळात २००९ मध्ये आणखी २०० कोटी आणि २०१० मध्ये १०० कोटींची भर पडली. एकूण सुमारे ७०० कोटी डॉलर. पहिल्या हप्त्यात ३०९ राज्ये, शहरे आणि काउंट्यांना वाटा मिळाला, डेट्रॉइटला सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर. या पैशातून घरे विकत घेऊन दुरुस्त करायची, लँड बँक, म्हणजे पडीक मिळकती ताब्यात घेणारी सार्वजनिक संस्था, उभी करायची, मोडकळीची घरे पाडायची, रिकाम्या जागी नवी बांधायची, किंवा खरेदीदाराला अर्थसाहाय्य द्यायचे. पैशाचा चौथा हिस्सा खरोखर गरीब कुटुंबांसाठी राखून ठेवायचा. घर घेणाऱ्याला आठ तासांचे समुपदेशन बंधनकारक. कागदावर योजना चांगली होती, आणि तिच्यातून काही चांगली घरे उभीही राहिली.

पण अटी शहरांच्या क्षमतेशी जुळल्या नाहीत. पैसा अठरा महिन्यांत कामांना बांधून टाकायचा होता, नाहीतर परत जाणार होता. डेट्रॉइट महापालिकेची तिजोरी तेव्हाच कोरडी होती. २०१३ च्या जुलैत तिने सुमारे १८०० कोटी डॉलरच्या देण्यांसह दिवाळखोरी जाहीर केली, अमेरिकेतल्या कोणत्याही शहराची सर्वांत मोठी. अशा महापालिकेने अठरा महिन्यांत घरे शोधायची, मालकीहक्काचा गुंता सोडवायचा, पर्यावरणाची तपासणी करायची, मूल्यांकन करून घ्यायचे आणि बाजारभावापेक्षा कमी दरानेच खरेदी करायची. तेवढ्यात रोख पैसे घेऊन आलेला गुंतवणूकदार चार दिवसांत बँकेकडून बरी घरे उचलून जाई. सरकारच्या वाट्याला उरत ती ज्यांच्यात फक्त सांगाडा शिल्लक होता अशी. जप्त घर पाहण्याचा पहिला हक्क शहरांना देणारी व्यवस्था ‘फर्स्ट लुक’ या नावाने देशभर लागू झाली ती २०१० च्या सप्टेंबरात. तोवर पहिल्या निधीची मुदत संपत आली होती.

दुसरा दोष विखुरण्याचा. निवडलेली घरे एकमेकांपासून दूरदूर होती. म्हणून एका गल्लीत एक घर चकचकीत झाले आणि त्याच्या दोन्ही अंगांना फळ्या ठोकलेल्या खिडक्या तशाच राहिल्या. अशा घराला गिऱ्हाईक कोण मिळणार? केंद्राच्याच गृहनिर्माण खात्याने करवून घेतलेल्या आणि २०१५ मध्ये आलेल्या मूल्यमापनात या योजनेचा आसपासच्या घरांच्या किमतींवर बहुतेक ठिकाणी फारसा परिणाम दाखवता आला नाही. पैसा पातळ पसरला होता.

दुसऱ्या निधीची कहाणी अधिक बोलकी आहे. २०१० मध्ये केंद्राच्या अर्थखात्याने ‘हार्डेस्ट हिट फंड’ सुरू केला. ज्यांची नोकरी गेली आणि हप्ते थांबले, अशा घरमालकांना घरात टिकवणे हा त्याचा हेतू होता. वाटप संथ झाले, अटी किचकट ठरल्या, पैसा पडून राहिला. २०१३ मध्ये मिशिगनने तो पाडकामासाठी वापरण्याची परवानगी मागितली आणि मिळवली. पहिल्यांदा राज्यातल्या पाच शहरांसाठी १० कोटी डॉलर वळवले. पुढे वाढत वाढत एकट्या डेट्रॉइटला २५ कोटी डॉलरहून अधिक मिळाले आणि हजारो घरे जमीनदोस्त झाली. २०१४ मध्ये शहराच्या कार्यदलाने घरोघर पाहणी करून ४०,०७७ इमारती मोडकळीच्या ठरवल्या होत्या आणि निवासी भागाच्या सफाईचाच खर्च ८५ कोटी डॉलर काढला होता. घाई समजण्यासारखी होती. पण माणसांना घरात ठेवण्यासाठी मंजूर झालेला पैसा घरे पाडण्यावर गेला, हे सत्य त्याने बदलत नाही.

इथे तुम्ही मला अडवाल. पडीक घराशेजारी राहणाऱ्या म्हातारीला विचारा, ती म्हणेल आधी ते पाडा. तिचे बरोबर आहे. जळके घर तिच्या नातवाच्या शाळेच्या वाटेवर उभे असते. क्लीव्हलंडमध्ये पाडकामानंतर आसपासच्या घरफोड्या आणि चोऱ्या घटल्याचे आढळले. डेट्रॉइटमध्ये या निधीतून जिथे पाडकाम झाले, तिथे ५०० फुटांच्या आतल्या घरांच्या किमती सरासरी ४.२ टक्के वाढल्याचे २०१५ च्या एका अभ्यासाने सांगितले. महापौर डग्गन यांच्या बारा वर्षांत शहराचे रूप बदलले, हेही मान्य करायला हवे. २०२० मध्ये मतदारांनीच पाडकाम आणि दुरुस्ती या दोन्हींसाठी २५ कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. २०२३ मध्ये जनगणना खात्याच्या अंदाजानुसार डेट्रॉइटची लोकसंख्या १९५७ नंतर प्रथमच थोडी वाढली. शेजारचा रिकामा प्लॉट लँड बँकेकडून १०० डॉलरला घेऊन तिथे भाजी लावणारी, मुलांना झोका बांधणारी कुटुंबे शहरभर आहेत. पाडकामाला माझा विरोध नाही. घरे पाडण्याच्या लायकीची होईपर्यंत सरकार काय करत होते, एवढेच मला विचारायचे आहे.

आणि याचे उत्तर फार अवघड आहे, कारण त्याच काळात सरकारच घरे रिकामी करत होते.

मिशिगनच्या १९९९ च्या कायद्यानुसार तीन वर्षे घरपट्टी थकली की काउंटीचा कोषाधिकारी घर जप्त करतो आणि लिलावात काढतो. थकबाकीवर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंत व्याज चढते. पहिल्या लिलावात गिऱ्हाईक न मिळालेले घर दुसऱ्या लिलावात ५०० डॉलरपासून पुकारले जाई. हे ऑनलाइन लिलाव होते, त्यामुळे बोली लावणारा कॅलिफोर्नियात असो की परदेशात, त्याने घर पाहिलेले नसले तरी चालत होते. मिशिगनची राज्यघटना म्हणते की घराचे करपात्र मूल्यांकन बाजारभावाच्या निम्म्यापेक्षा जास्त असता कामा नये. मंदीनंतर डेट्रॉइटमधले भाव कोसळले, पण महापालिकेने मूल्यांकन त्या वेगाने उतरवले नाही. शहरभर घरांचे नव्याने मूल्यांकन पूर्ण झाले ते २०१७ मध्ये. कायद्याच्या प्राध्यापक बर्नाडेट अटुआहेनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००९ ते २०१५ या काळाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षागणिक ५३ ते ८४ टक्के घरांचे मूल्यांकन घटनेच्या मर्यादेबाहेर निघाले. ‘द डेट्रॉइट न्यूज’ने २०२० मध्ये हिशेब मांडला की २०१० ते २०१६ या काळात घरमालकांकडून किमान ६० कोटी डॉलर जास्तीची घरपट्टी आकारली गेली. आणि २०११ ते २०१५ या पाच वर्षांत घरपट्टीपायी चार मिळकतींमागे एक मिळकत जप्त झाली.

यातली बरीच कुटुंबे इतकी गरीब होती की कायद्याने त्यांना घरपट्टी माफच होती. पण माफीचा अर्ज दरवर्षी नव्याने करायचा, कागदपत्रे जोडायची, आणि अशी माफी असते हे मुळात कळायला तर हवे. २०१६ मध्ये रहिवासी संघटना न्यायालयात गेल्या. २०१८ च्या तडजोडीत अर्जाची पद्धत सोपी झाली आणि माफीला पात्र असूनही घर गमावण्याच्या वाटेवर असलेल्यांना ते १,००० डॉलरला परत घेण्याची सोय मिळाली. तोवर हजारो घरे लिलावात गेली होती. थकबाकीवरचे व्याज आणि दंड काउंटीच्या उत्पन्नात जमा होत होते, हे विसरू नका. आपल्याकडे म्हणतात तसे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. काउंटी लोकांना घराबाहेर काढत होती आणि केंद्राचे डॉलर त्याच घरांच्या पाडकामाची बिले भरत होते.

हा रोग गरीब शहरापुरता नव्हता. आमच्याच ओकलँड काउंटीत साउथफिल्डच्या एका मालकाने घरपट्टीत ८ डॉलर ४१ सेंट कमी भरले. व्याज आणि शुल्क धरून देणे २८५ डॉलर झाले. काउंटीने घर २४,५०० डॉलरला विकले आणि सगळी रक्कम ठेवून घेतली. २०२० मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रफाएली’ खटल्यात ही वरकड ठेवून घेणे घटनाबाह्य ठरवले. तीन वर्षांनी मिनेसोटातल्या ‘टायलर’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तेच सांगितले. थकलेला कर वसूल करणे सरकारचा हक्क आहे, पण त्या निमित्ताने घराची सगळी किंमत गिळणे हा हक्क नाही. निकाल स्वागतार्ह आहेत. पण लिलावात ५०० डॉलरला गेलेल्या घराच्या बाबतीत वरकड उरतेच कुठे? डेट्रॉइटच्या गरीब मालकाला या निकालांनी फारसे काही परत मिळत नाही.

आता दुरुस्तीतली अडचण. लँड बँकेकडून घर घेऊन ते नीट करायला निघालेल्या तरुण जोडप्याचे उदाहरण घेऊ. समजा घर मिळाले ५ हजारांना. छप्पर, भट्टी, वायरिंग, नळ, खिडक्या मिळून खर्च ९५ हजार. म्हणजे घर पडले एक लाखाला. पण गल्लीतली इतर घरे ६५ हजारांना विकली जातात, म्हणून बँकेचा मूल्यांकनकार ६५ हजारच लिहितो आणि बँक तेवढ्याच्या हिशेबाने कर्ज देते. मधले ३५ हजार जोडप्याने कुठून आणायचे? ज्याच्याकडे रोख आहे तोच असे घर घेऊ शकतो, आणि रोख असणारा बहुधा तिथे राहायला येत नाही, भाड्याने देतो. २०१६ मध्ये ‘डेट्रॉइट होम मॉर्गेज’ या उपक्रमाने याच फरकासाठी ७५ हजारांपर्यंतचे दुसरे कर्ज देऊ केले. कल्पना बरोबर होती, पण फरक कर्जाने बुजवला तर बोजा शेवटी त्याच कुटुंबावर येतो. ‘नेबरहुड होम्स’ या नावाने दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी काँग्रेसमध्ये अनेकदा मांडलेले विधेयक यावर नेमके बोट ठेवते. दुरुस्तीचा खर्च आणि विक्रीची किंमत यांतला फरक करसवलतीने भरून काढायचा, खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत. सवलत मिळते ती घर पूर्ण होऊन त्यात मालक राहायला गेल्यावरच. म्हणजे अर्धवट काम टाकून पळणाऱ्याच्या हाती सरकारी पैसा लागत नाही.

आणि जे घर अजून रिकामे झालेले नाही, त्याचे काय? कोविडनंतर केंद्राने दिलेल्या निधीतून डेट्रॉइटने ‘रिन्यू डेट्रॉइट’ सुरू केले. वृद्ध आणि अपंग घरमालकांची छपरे आणि खिडक्या बदलून द्यायच्या, परतफेड नाही. सुरुवातीला ३ कोटी डॉलर आणि दीड हजार घरे, मग राज्याची भर पडून सुमारे दोन हजार घरे. मला विचाराल तर गेल्या सतरा वर्षांत या प्रश्नावर केंद्राच्या पैशातून झालेले सर्वांत शहाणपणाचे काम हेच. यात रिबन कापायला इमारत नसते, आधी आणि नंतरचे फोटो छापण्यासारखे काही नसते. घर होते तसे उभे राहते आणि त्यातली माणसे तिथेच राहतात. पण तो निधी एकदाच मिळणारा होता आणि संपत आला आहे.

म्हणून पाच गोष्टी मागतो.

पहिली: बेवारस घरांसाठी येणाऱ्या कोणत्याही केंद्रीय निधीचा निदान तिसरा हिस्सा लोक राहत असलेल्या घरांच्या दुरुस्तीसाठी आणि थकलेल्या घरपट्टीसाठी राखून ठेवा. पाडकामाला वरची मर्यादा घाला. हे नवे नाही. २००९ च्या कायद्यात ती दहा टक्के होती, मंत्र्यांनी सूट दिली तरच त्यापुढे जाता येत होते.

दुसरी: अठरा महिन्यांची घाई पुन्हा नको. पाच वर्षे द्या, पण पैसा टप्प्याटप्प्याने सोडा आणि मागचा टप्पा दिसल्याशिवाय पुढचा देऊ नका.

तिसरी: निधी घेणाऱ्या काउंटीवर अट घाला की मालक स्वतः राहत असलेले घर लिलावात काढण्याआधी तो घरपट्टी माफीला पात्र आहे का, हे सरकारनेच तपासले पाहिजे. अर्ज आला नाही ही सबब चालणार नाही. घरपट्टी राज्याचा विषय आहे असे तुमचे सहकारी म्हणतील. त्यांना सांगा, दारू विकत घेण्याचे वयही राज्यांचाच विषय होता. १९८४ मध्ये काँग्रेसने महामार्गांच्या निधीला अट जोडली आणि सगळ्या राज्यांनी ते २१ केले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत मान्य केली.

चौथी: पैसा निवडक गल्ल्यांत एकवटा. एका गल्लीतली दुरुस्तीयोग्य सगळी घरे एकदम हाती घ्या. गल्ली निवडण्याचा निकष लोकांसमोर ठेवा, म्हणजे नगरसेवकाच्या दबावाला जागा राहणार नाही.

पाचवी: हिशेब उघडा. पाडकामाच्या काळात कंत्राटांवरून केंद्रीय चौकशी झाली, २०१६ मध्ये अर्थखात्याने काम दोन महिने थांबवले, पुढे लाचखोरीचे गुन्हे कबूल झाले. पाडलेल्या घरांच्या खड्ड्यांत कोणती माती भरली, यावरही प्रश्न उठले. प्रत्येक घराचा खर्च, कंत्राटदार आणि आजची स्थिती कोणालाही पाहता आली पाहिजे.

शेवटी दोन शब्द आपल्या मराठी वाचकांसाठी. जप्त घरे स्वस्तात घेणे हा आपल्याकडच्या पार्ट्यांत गप्पांचा विषय असतो, आणि कायदेशीर गुंतवणुकीला कोणी नाव ठेवू नये. पण घर घेऊन ते ‘लँड काँट्रॅक्ट’वर विकणे म्हणजे काय, हे समजून घ्या. हप्ते भरणाऱ्याच्या नावावर शेवटच्या हप्त्यापर्यंत घर होत नाही. दुरुस्ती आणि घरपट्टी मात्र बहुधा त्याच्याच माथी असते, आणि हप्ते थकले की त्याला बाहेर काढता येते. अशा व्यवहारातून रिकाम्या घरांची पुढची पिढी तयार होते. त्याऐवजी आपल्यात जे अकाउंटंट आहेत, कर भरण्याची कामे करतात, त्यांनी वर्षातून काही शनिवार डेट्रॉइटच्या एखाद्या ग्रंथालयात किंवा चर्चमध्ये बसून लोकांचे घरपट्टी माफीचे अर्ज भरून द्यावेत. डेट्रॉइटचे महाराष्ट्र मंडळ गणेशोत्सव आणि दिवाळी उत्तम करते, हे काम त्याला अजिबात जड नाही.

ठाणेदारसाहेब, तुमच्या मतदारसंघात आजही अशी घरे आहेत ज्यांचे छप्पर या हिवाळ्यात गळणार आहे आणि ज्यांची घरपट्टी तिसऱ्या वर्षात शिरली आहे. ती कोणती, हे काउंटीच्या कार्यालयात लिहिलेले आहे. त्यांच्यावर आज खर्च केला तर काही हजार डॉलर लागतील, दहा वर्षांनी केला तर पाडकामाचे बिल येईल आणि तेही आपणच भरू. पुढचा निधी मागायला उभे राहाल तेव्हा आधी छपराचे पैसे मागा.

आपला,
डेट्रॉइट परिसरातला एक मराठी करदाता